पान एकशे बेचाळीस

उद्यमबागेत आमच्या शेडमध्ये
एक पिवळा हात येऊन पडलाय,
पुण्याच्या लिलावातला, सहा सांध्यांचा.
नवं जनावर बुजू नये म्हणून डोळे झाकतात
तशी त्याच्यावर ताडपत्री.
"कोण शिकतंय?" मालकांनी विचारलं.
फिटर लोक आपापल्या पायांकडे बघायला लागले.
मी व्हर्नियर पुसत होते, बारा वर्षं तेच पुसत आलेय.
म्हटलं, मी.
म्हटल्यावर कळलं, काय म्हटलं ते.

रविवार पेठेच्या मागच्या बोळात
ममदापूरकाका पुस्तकं तोलून विकतात.
परीक्षा संपली की इंजिनिअरिंगची पोरं
अख्खी सेमिस्टरं रिक्षातून आणून ओततात.
"रोबोटचं? आहेत की अक्का. कुठल्या भाषेत?"
बेळगावात हा प्रश्न साधा नसतो.
काकांनी मात्र साधाच विचारला.

पहिलं इंग्रजी, गुळगुळीत, उशीएवढं.
उघडलं तर माणूस आणि यंत्र यांचं भवितव्य
साठ पानं चाललेलं.
मला भवितव्य नको होतं, सोमवार हवा होता:
सोमवारी सकाळी
बटण कुठलं दाबायचं.

दुसरं कानडी, डिप्लोमाचं. चित्रं स्वच्छ, बाण ठसठशीत.
कानडी मला बाजारापुरती येते.
भाव करता येतो, भांडता येतं,
मॅट्रिक्स फिरवता येत नाही.
तरी बाजूला काढलं.
भट्टीवरचा ईरप्पा आहे ना, डबा खाताना वाचून दाखवेल.
त्याला माझं लोणचं लागतं.

मराठी?
काकांनी शिडी लावली. धूळ खाली आली
आणि धुळीबरोबर एक पातळसं, मुलांसाठीचं.
मुखपृष्ठावर चौकोनी डोक्याचा, हसणारा.
आमच्या हाताला डोकंच नाही.
परत दिलं. देताना जरा लागलं.

मग मी पुस्तकं मागून उघडायला लागले.
कास्टिंग तपासतात तसं: वरचा रंग बघायचा नाही,
ठोकून आवाज ऐकायचा.
ज्यात थांबवणं शेवटच्या प्रकरणात, ते बाद.
ज्यात सगळी उदाहरणं पहिल्या फटक्यात चालतात,
ते तर त्याच्याही आधी बाद.

तळाशी एक सापडलं. पाठ मोडलेलं, चहा प्यालेलं, इंग्रजीच.
पण पान एकशे बेचाळीसच्या समासात
पेन्सिलीनं, मराठीत:
"हे असं चालत नाही. तीनदा केलं.
आधी होमला न्या, मग स्पीड दहा टक्के, मग बघा."
आणि खाली, दुसऱ्या, बोथट टोकानं:
"चाललं."

कोण होता, का होती, कळायला मार्ग नाही.
पहिल्या पानावरचं नाव ब्लेडनं कापून नेलेलं.
काकांनी तोललं. सातशे ग्रॅम.
"पेन्सिलीचं वजन धरत नाही," म्हणाले.

होम म्हणजे, त्यात लिहिलंय, एक ठरलेला बिंदू,
हाताची सगळी अंतरं तिथून मोजायची.
ईरप्पाला सांगितलं. घास हातात धरून तो म्हणाला,
"बरं आहे की गा त्याचं.
आपल्या गावाचं होम अजून तारखेवर आहे."
दोघं हसलो. लोणचं संपलं.

सोमवारी ताडपत्री काढली.
दहा टक्के.
पिवळा हात उठला,
मोहोळाकडे न्यावा तसा जपून.
"मेल्लग," ईरप्पा त्याला म्हणाला, "मेल्लग."
आणि अर्ध्या वाटेत
लाल दिवा लावून हात उभाच राहिला.

फिटर लोक पहिल्यांदाच पायांवरून वर बघायला लागले.
मी पेन्सिल काढली.
एकशे बेचाळीसवर, त्या "चाललं"च्या खाली
अजून बोटभर जागा होती.